अन्न, प्लास्टिक आणि कायदा



पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवू नये, ती कळकते, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. ‘कळकणे’ हे मराठीतील मोठे अर्थवाही क्रियापद आहे. भांड्याचा अंश अन्नात उतरणे आणि त्यामुळे अन्न बिघडणे, ही सारी क्रिया या एका शब्दात सामावली आहे. आंबट पदार्थ तांब्यापितळेत राहिला की धातूचा अंश त्यात विरघळतो, अन्नाला हिरवट झाक येते आणि जीभ तत्काळ तक्रार करते. म्हणूनच पूर्वी भांड्यांना कथिलाची कल्हई करीत, लोणचे चिनी मातीच्या बरणीत भरीत. भांडे आणि अन्न यांच्या सहवासातून काही देवघेव होते, हे ज्ञान आपल्या समाजास नवे नाही.

नवे आहे ते प्लास्टिक. सकाळच्या दुधाच्या पिशवीपासून रात्रीच्या पाण्याच्या बाटलीपर्यंत त्याचा वावर आहे. प्लास्टिकचा अंश अन्नात उतरला, तर बहुधा हिरवी झाकही येत नाही आणि चवही बदलत नाही. ज्या जिभेने हजारो वर्षे पहारा केला, ती येथे निरुपयोगी ठरते. मग पहारा कोणी करावयाचा? आधुनिक राज्यांनी हे काम कायद्याकडे व प्रयोगशाळेकडे सोपविले आहे. ते कसे चालते आणि त्याची मर्यादा कोठे येते, हे समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या अतिशय लांब साखळ्या. इंग्लंडमधील नॉर्थविच येथे १९३३ साली हाती लागलेले पॉलिथीन हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. साखळी स्वतः एवढी मोठी असते की ती सहजासहजी अन्नात उतरत नाही. परंतु साखळीत गुंफले न गेलेले काही सुटे दुवे मागे राहतात. शिवाय मऊपणा, रंग आणि टिकाऊपणा यांसाठी निरनिराळी द्रव्ये मिसळलेली असतात. हे लहान रेणू हळूहळू बाहेर पडतात. उष्णता वाढली, सहवासाचा काळ वाढला, अन्न तेलकट वा आंबट असले, तर बहुधा त्यांचा वेग वा प्रमाण वाढते. या क्रियेला शास्त्रात ‘स्थलांतर’ म्हणतात. आपण तिला प्लास्टिकचे कळकणे म्हटले तरी चालेल.

हा धोका काल्पनिक नव्हे. पीव्हीसी नावाचे प्लास्टिक ज्या वायूपासून बनते, त्या व्हिनिल क्लोराइडची कथा या दृष्टीने उद्‌बोधक आहे. अमेरिकेतील केंटकी राज्यात, लुईव्हिल शहरी, पीव्हीसीच्या कारखान्यातील कामगार यकृताच्या एका अत्यंत दुर्मीळ कर्करोगाने दगावल्याचे १९७४ च्या जानेवारीत जाहीर झाले. तो वायू श्वासावाटे त्यांच्या शरीरात गेला होता. मग साहजिकच प्रश्न आला की, त्याच पीव्हीसीच्या बाटलीत राहिलेला अंश पिणाऱ्याच्या पोटात किती जातो? युरोपीय समुदायाने १९७८ साली नियम केला की, अन्नासाठी वापरावयाच्या अशा वस्तूत किलोमागे १ मिलिग्रॅमहून अधिक व्हिनिल क्लोराइड राहता कामा नये आणि अन्नात तर ते मोजणीस सापडताही कामा नये. कामगारांच्या प्राणांचे मोल पडले, तेव्हा ग्राहकाच्या रक्षणाचा हा नियम जन्मास आला. कायद्याची कलमे रुक्ष वाटतात खरी; पण त्यांच्या मागे अशी माणसे उभी असतात.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतात अन्नभेसळ प्रतिबंधाचा कायदा १९५४ साली झाला. त्याची जागा पुढे अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याने घेतली. या अधिनियमाखाली अन्नाच्या वेष्टनांविषयी स्वतंत्र नियम २०१८ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले आणि १ जुलै २०१९ पासून त्यांचे पालन बंधनकारक ठरले. नियम करणे हे केंद्रीय प्राधिकरणाचे काम. प्लास्टिकच्या प्रत्येक जातीची मानके भारतीय मानक ब्यूरोची. आणि बाजारात जाऊन तपासणी करणे हे मुख्यतः राज्यातील अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांचे. आपल्या गोव्यात ही जबाबदारी अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे आहे.

या नियमांचा गाभा दोन चाळण्यांत आहे. पहिली चाळणी एकूण स्थलांतराची. सर्व द्रव्ये मिळून एक किलो अन्नात ६० मिलिग्रॅमपेक्षा अधिक, किंवा प्लास्टिकच्या एका चौरस डेसिमीटर पृष्ठभागातून १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अंश उतरता कामा नये. हे दोन आकडे परस्परांशी जुळतात. एक किलो अन्नाला सुमारे ६ चौरस डेसिमीटर वेष्टन लागते, असे गृहीत धरण्याचा प्रघात आहे. आणि ६ गुणिले १० म्हणजे ६०. साठ मिलिग्रॅम म्हणजे तांदळाच्या सुमारे तीन दाण्यांचे वजन. त्याखेरीज, डोळ्यांना दिसेल असा रंगही अन्नात उतरू नये, अशी अट आहे.

तथापि तीन दाण्यांएवढे मीठ आणि तीन दाण्यांएवढे विष यांत महदंतर आहे. पहिली चाळणी प्लास्टिक किती धीराचे, किती स्थिर, एवढेच सांगते. म्हणून दुसरी चाळणी विशिष्ट द्रव्यांची. बाटल्यांसाठी वापरतात ते ‘पेट’ प्लास्टिक तयार करताना बहुधा अँटिमनी या मूलद्रव्याची संयुगे वापरतात. त्याची मर्यादा किलोमागे अवघी ०.०४ मिलिग्रॅम, म्हणजे एकूण मर्यादेच्या पंधराशेवा भाग! कोबाल्टला ०.०५, बेरियमला १, जस्ताला २५ मिलिग्रॅम अशा निरनिराळ्या मर्यादा घातल्या आहेत. जेवढे द्रव्य घातक, तेवढे चाळणीचे भोक बारीक.

ही परीक्षा घेताना प्रत्यक्ष डाळ-आमटी वापरीत नाहीत. अन्नाचे प्रतिनिधी वापरतात. पाणीदार पदार्थांच्या जागी ऊर्ध्वपातित पाणी, आंबट पदार्थांच्या जागी शिरक्यातील आम्लाचे ३ टक्के द्रावण, मद्याच्या जागी अल्कोहोलमिश्रित पाणी आणि तेलकट पदार्थांच्या जागी हेप्टेनसारखा द्रव किंवा ऑलिव्ह तेल. दीर्घकाळ साठवणीच्या डब्याची परीक्षा ४० अंश सेल्सियस तापमानात दहा दिवस चालते. ऊन पदार्थांसाठी तापमान अधिक ठेवतात. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानी घ्यावी. परीक्षेत उतरलेले भांडे ‘चांगले’ ठरत नाही. ते अमुक प्रकारच्या अन्नासाठी, अमुक उष्णतेत, अमुक काळापुरते चांगले ठरते.

आणखी दोन निर्बंध आपल्या नित्याच्या व्यवहाराशी निगडित आहेत. वर्तमानपत्राच्या कागदात अन्न बांधून देण्यास २०१८ च्या नियमांनी मनाई केली आहे, कारण छपाईची शाई खाण्यासाठी बनविलेली नसते. दुसरा निर्बंध वितळवून पुन्हा घडविलेल्या प्लास्टिकचा. अशा पिशव्यांत अन्न देण्यास १९९९ च्या नियमांपासूनच बंदी होती. कारण सरळ आहे: त्या प्लास्टिकच्या पूर्वजन्मी त्यात दूध होते की कीटकनाशक होते, हे कोणास ठाऊक? अलीकडे मात्र विशेष प्रक्रियेने शुद्ध केलेल्या आणि ठरविलेल्या कसोट्यांना उतरलेल्या ‘पेट’पुरती सशर्त वाट मोकळी करण्यात आली आहे.

ज्ञान बदलते तसा कायदाही बदलतो. पॉलिकार्बोनेट नावाच्या कठीण, पारदर्शक प्लास्टिकमध्ये बिस्फेनॉल-ए हे द्रव्य असते. शरीरातील संप्रेरकांच्या कार्यात ते ढवळाढवळ करते, अशी शंका बळावली, तेव्हा युरोपीय संघाने २०११ साली तान्ह्या बालकांच्या दुधाच्या बाटल्यांत त्याचा वापर थांबविला. भारतीय मानकानेही २०१५ साली अशा बाटल्यांतून पॉलिकार्बोनेटला रजा दिली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली या द्रव्याची सह्य मात्रा २०१५ च्या मानाने वीस हजारपट कमी केली. जर्मनीच्या शासकीय संस्थेस मात्र ती याहून हजारपट अधिक असावी असे वाटले. असा मतभेद असतानाही युरोपीय संघाने २०२४ च्या अखेरीस अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत या द्रव्यावर व्यापक बंदी घातली आणि कारखान्यांना बदलासाठी मुदत दिली. शास्त्रज्ञांचे एकमत होईपर्यंत थांबावे, की संशय सबळ होताच सावध व्हावे? राज्यकर्त्यांपुढचा हा अवघड प्रश्न तुम्हांपैकी उद्याच्या अधिकाऱ्यांपुढेही उभा राहील.

आता कायद्याची मर्यादा पाहू. आपल्या गोव्यात सकाळी पावाबरोबर न्यायची पातळ भाजी पुष्कळदा पिशवीत बांधून मिळते. कढत, तेलकट आणि कधी टोमॅटोमुळे आंबटही! स्थलांतराला पोषक अशा साऱ्या गोष्टी येथे एकत्र येतात. भाजी बांधण्याची ती पिशवी कोणत्या वापरासाठी बनविली, हे विक्रेत्यास माहीत नसते आणि आपण विचारीत नाही. येथे एक गैरसमजही दूर करावयास हवा. १२० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर देशात ३१ डिसेंबर २०२२ पासून जी बंदी आली, ती पर्यावरणासाठी. पिशवी जाड झाली म्हणून ती कढत अन्नास योग्य ठरत नाही. तीच गोष्ट बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात असलेल्या आकड्याची. तो गुणवत्तेचा क्रमांक नव्हे. प्लास्टिकची जात ओळखून कचरा वेगळा करता यावा, एवढ्यासाठी तो असतो. १ म्हणजे पेट, ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन, एवढेच. पेला व काटा यांचे चित्र असलेली खूण मात्र वस्तू अन्नासाठी बनविल्याचे सुचविते.

रंगाच्या रिकाम्या बादलीत पंगतीचे वरण काढणे, पाण्याच्या बाटलीत कढत तेल ओतणे, आइस्क्रीमच्या डब्यात अन्न तापविणे, या गोष्टींची परीक्षा कोणत्याही प्रयोगशाळेने घेतलेली नसते. त्या वस्तूंना ते काम नेमूनच दिलेले नव्हते. अधिकारी कारखान्यात जातो, दुकानात जातो. आपल्या स्वयंपाकघरात तो येत नाही, आणि येऊही नये. भाजीवाल्यावर रोष धरण्यातही अर्थ नाही. त्याची मिळकत तुटपुंजी असते आणि गिऱ्हाईक रिकाम्या हाती येते, म्हणूनच तो पिशवी ठेवतो. आपण घरून पोलादी डबा नेला, तर त्याचाही पैसा वाचतो.

तात्पर्य, प्लास्टिक हा राक्षस नव्हे आणि देवही नव्हे. दुधाची पिशवी घरोघर पोहोचली, ती त्याच्याच कृपेने. प्रश्न एवढाच विचारावयाचा की, हे भांडे कोणत्या अन्नासाठी, किती उष्णतेसाठी आणि किती काळासाठी बनले आहे? कल्हई उडालेल्या पातेल्यात आपल्या आजीने ताक ठेवले नसते. तिला रसायनशास्त्र येत नव्हते, पण हा प्रश्न येत होता. जिभेला जे कळत नाही ते कायदा मोजून ठरवितो. आणि कायद्याचा हात जेथे पोहोचत नाही, तेथे हा प्रश्न विचारण्याचे काम शिकल्यासवरल्या मुलामुलींचे आहे.