भिडस्त बीॲट्रिक्स

लंडन शहरातील एका धनिक कुटुंबात २८ जुलै १८६६ रोजी बीॲट्रिक्स पॉटर हिचा जन्म झाला. घरी कशाचीही उणीव नव्हती; उणीव होती ती सवंगड्यांची. तिला शाळेत न धाडता शिक्षिका ठेवून घरीच शिकविण्यात आले. धाकटा भाऊ बर्ट्रम शिक्षणासाठी दूर गेल्यावर तर ती अगदी एकटी पडली. परक्या माणसांपुढे तिच्या तोंडून शब्द फुटत नसे.

परंतु अबोल मुलांचे मन रिकामे असते, असे मात्र नाही. बीॲट्रिक्सने घरात ससे, उंदीर, बेडूक, वटवाघूळ असे प्राणी पाळले होते. ती तासन् तास त्यांचे निरीक्षण करी व त्यांची हुबेहूब चित्रे काढी. सुमारे पंधराव्या वर्षी ती रोजनिशी लिहू लागली. ती कोणास वाचता येऊ नये म्हणून तिने स्वतःच एक सांकेतिक लिपी तयार केली! मते बोलून दाखविण्याचे धैर्य नव्हते. पण मते होती, आणि ती रोखठोक होती. तिच्या मृत्यूनंतर, १९५८ मध्ये, लेस्ली लिंडर या गृहस्थाने मोठ्या चिकाटीने त्या लिपीचे कोडे उलगडले.

पुढे तिला अळंब्यांच्या अभ्यासाचा छंद जडला. १८९२ मध्ये स्कॉटलंडमध्ये तिची चार्ल्स मॅकिंटॉश या निसर्गप्रेमी माणसाशी भेट झाली. पूर्वी तो गावोगाव टपाल वाटीत असे. दोघेही लाजाळू, पण अळंब्यांचा विषय निघताच दोघांचाही संकोच मावळला. तो तिला टपालाने नमुने पाठवी व ती त्यांची चित्रे काढी. अळंब्यांची बीजुके कशी रुजतात यावर तिने एक निबंध लिहिला. १८९७ मध्ये तो लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडला गेला. पण तेव्हा त्या सभेत स्त्रियांना प्रवेश नव्हता, म्हणून ती स्वतः उपस्थित राहू शकली नाही.

तरीही तिची लेखणी व कुंचला थांबला नाही. १८९३ मध्ये आपल्या पूर्वीच्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला रिझविण्यासाठी तिने पत्रातून पीटर नावाच्या खोडकर सशाची सचित्र गोष्ट लिहून पाठविली होती. पुढे तिने त्या गोष्टीचे पुस्तक करावयाचे ठरविले. अनेक प्रकाशकांनी नकार दिला. एके काळी आपली वही लपविणाऱ्या बीॲट्रिक्सने आता स्वतःच्या पैशांनी २५० प्रती छापून घेतल्या! १९०२ मध्ये एका प्रकाशन संस्थेने ते पुस्तक काढले आणि ते घरोघर पोचले.

पुस्तकांच्या उत्पन्नाच्या आधारे तिने १९०५ मध्ये इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशात एक शेतवाडी घेतली. तेथे तिने मेंढ्या पाळल्या आणि शेतकऱ्यांत मान मिळविला. १९४३ मध्ये ती निवर्तली, तेव्हा ४,००० एकरांहून अधिक जमीन तिने राष्ट्रासाठी जतन व्हावी म्हणून एका विश्वस्त संस्थेला दिली.

बीॲट्रिक्सला धीर कोणी बाहेरून आणून दिला नाही. ज्या कामात तिचे मन रमे, त्या कामानेच तो तिला दिला.

स्वाध्याय
१. बीॲट्रिक्सने सांकेतिक लिपी का तयार केली?
२. मॅकिंटॉश व बीॲट्रिक्स यांचा संकोच कशामुळे मावळला?
३. ‘वही लपविणारी’ बीॲट्रिक्स कशी बदलली, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.