शून्यावर आणि पाचावर संपणारे आकडे

आमची फाउंड्री कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आहे. ग्रे आयर्नचं काम, पंपांच्या बॉड्या आणि हाउसिंग. काही वर्षांपूर्वी आम्ही ईआरपी सॉफ्टवेअर घेतलं, भट्ट्यांवर आणि सँड प्लांटवर सेन्सर बसवले, केबिनमध्ये भिंतभर स्क्रीन लावला. दीड वर्षात त्यातलं बरंचसं बंद पडलं. पैसे गेलेच. पण पुढची दोन वर्षं शेडमध्ये ‘सिस्टीम’ म्हटलं की माणसं मान वळवायची, ते नुकसान मला जास्त लागलं. ज्यांच्या टेबलावर आज अशी कोटेशनं येऊन पडली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

खरेदीआधी आम्ही तयारीची तपासणी केली होती. जगात त्यासाठी चांगले आराखडे आहेत. जर्मनीतल्या आकाटेक या अकादमीने २०१७ मध्ये सहा पायऱ्या मांडल्या: संगणकीकरण, यंत्रांची जोडणी, काय घडतंय ते दिसणं, का घडतंय ते कळणं, पुढे काय घडेल ते ओळखणं, आणि शेवटी यंत्रणेनं आपणहून जुळवून घेणं. त्याच वर्षी सिंगापूरने सोळा अंगं तपासणारा निर्देशांक आणला, प्रत्येक अंगाला शून्य ते पाच अशी पातळी. आम्ही त्याच धर्तीची एक प्रश्नावली घेतली आणि मी, आमचे अकाउंटंट आणि विक्रेत्याचा प्रतिनिधी अशा तिघांनी केबिनमध्ये बसून एका दुपारी भरून टाकली. प्रत्येक हीटची नोंद होते का? होते. वाळूची चाचणी रोज होते का? होते. रजिस्टरं होती, सह्या होत्या, त्यामुळे आम्ही स्वतःला तिसऱ्या पायरीवर नेऊन ठेवलं. भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्या एकाही माणसाला त्या दुपारी बोलावलं नाही.

मग एका ग्राहकाकडून पंपाच्या बॉड्या परत आल्या. मशीनिंग केल्यावर ब्लो होल उघडे पडले होते, प्रेशर टेस्टला पाणी झिरपत होतं. ग्राहकाने विचारलं, हा माल कोणत्या हीटचा, आणि त्याच हीटचा आणखी माल कुठे गेलाय? उत्तर द्यायला आम्हाला तीन दिवस लागले.

स्क्रीनवर त्या शिफ्टचं सगळं हिरवं होतं. ओतण्याचं तापमान १४००, १३९५, १४००, १४०५. मी वर्षभराच्या नोंदी काढून समोर ठेवल्या. सगळे आकडे शून्यावर नाहीतर पाचावर संपत होते. वाळूतला ओलावा जानेवारीत साडेतीन टक्के, जुलैतही साडेतीन. कोल्हापूरचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला या रकान्याची किंमत सांगायला नको. सेन्सर खोटं बोलत नव्हता, पण तो भट्टीतलं तापमान सांगत होता. लोखंड निवतं ते लॅडलमध्ये, आणि तिथलं तापमान माणूस टीप बुडवून घेतो व हाताने भरतो.

खरी नोंद सापडली ती भट्टीवरच्या मामांच्या खिशातल्या डायरीत. त्या हीटपुढे त्यांनी लिहिलं होतं: टिपा संपल्या, अंदाजानं वतलं.

“मामा, हे रजिस्टरात का नाही?”

“लिवलं असतं तर हीट रिजेक्टात गेली असती मालक, आन् अख्ख्या शिफ्टचा बोनस कापला असता. पोरांनी काय घोडं मारलंय?”

बोनसचा तो नियम मी केला होता. आराखड्यांमध्ये कामाच्या संस्कृतीविषयी प्रश्न असतात, आकाटेकच्या आराखड्यात तर संस्कृती हा चार मुख्य भागांपैकी एक आहे. तिथे मी स्वतःला भरपूर गुण देऊन पुढे गेलो होतो.

आता कुणी सल्ला विचारला तर मी सांगतो, प्रश्नावली जरूर भरा, पण त्याआधी डिस्पॅचमधलं एक कास्टिंग हातात घ्या आणि उलटं चालत जा. फेटलिंग, शॉटब्लास्टिंग, नॉकआउट, ओतण्याची जागा, मोल्डिंग, वाळू. प्रत्येक ठिकाणी विचारा: याची नोंद कुणी केली, कशावर केली, आणि काम होतानाच केली की शिफ्ट संपताना? आमची साखळी नॉकआउटला तुटत होती. हीट नंबर फळ्यावर खडूने लिहिलेला, कास्टिंगवर काहीच नाही, आणि एका ट्रॉलीत तीन हीटचा माल एकत्र. तिथून पुढे कितीही भारी सॉफ्टवेअर आणलं तरी ते काय शोधणार? याच फेरीत कळलं की त्या एका बॉडीला आमच्याकडे चार नावं होती. ड्रॉइंगवर एक, बिलावर दुसरं, स्टोअरमध्ये तिसरं, आणि पॅटर्न शॉपमध्ये ती ‘दोन कानांची’.

मग रजिस्टर उघडा. आठ तासांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच वळणात, एकही खाडाखोड नसलेल्या दिसल्या, की त्या शेवटच्या दहा मिनिटांत बसून लिहिल्या आहेत असं समजा. पडताळ्यासाठी माणसाच्या हातून न येणारा एक आकडा शोधा. आमच्या धंद्यात तो विजेच्या मीटरवर मिळतो. इंडक्शन भट्टीत ग्रे आयर्न वितळवायला टनामागे ढोबळमानाने साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट जातात. भट्टीचा मीटर आणि रजिस्टरातले टन यांचा मेळ बसत नसेल, तर सेन्सरची ऑर्डर थांबवा आणि आधी तो फरक शोधा.

बाकीच्या गोष्टी एका दिवसात तपासून होतात. शेडच्या टोकाला वायफाय पोचतं का, पीएलसीचा पासवर्ड तुमच्याकडे आहे की मशीन बनवणाऱ्याकडे, बॅकअप कोण घेतं. ओडिशातून आलेल्या मोल्डरला स्क्रीनवरची इंग्रजी वाचता येते का, हेही त्यात धरा. आम्ही धरलं नव्हतं.

आम्ही बोनस रिजेक्शनपासून सोडवला. पॅटर्नमध्ये तारखेचा कोड बसवला, ट्रॉलीत एकाच हीटचा माल ठेवायला लागलो आणि सहा महिने फक्त कागदावर काम केलं. सुरुवातीचे काही आठवडे रकाना पूर्वीसारखाच गुळगुळीत होता. मग एका रात्रपाळीला मामांनी १३४७ लिहिलं, ओतणं थांबवलं आणि लॅडल परत भट्टीत रिकामा केला. सकाळी ते माझ्याकडे बघत उभे होते. मी त्या आकड्याखाली सही केली आणि टिपांची नवी पेटी मागवली. टॅबलेटची कोटेशनं मी त्यानंतर मागवली, आणि ती बघायला मामांना केबिनमध्ये बसवलं.