पडदा टाकून चालवून बघ

पुणे

चि. निनाद,

काल फोनवर तू म्हणालास, "ॲक्सेसिबिलिटीचं शेवटच्या स्प्रिंटमध्ये बघू." तेव्हाच बोलणार होतो, पण तू घाईत होतास.

बिलं भरायचं एक ॲप आम्ही केलं, तेव्हा मीही असंच ठरवलं होतं. ॲप बाहेर पडल्यावर एक अंध गृहस्थ ऑफिसात आले. टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय, सुरू केलेला फोन त्यांनी माझ्यासमोर ठेवला आणि बोट सरकवलं. फोन म्हणाला, "अनलेबल्ड, बटण." पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. एक बटण पैसे भरायचं, एक रक्कम बदलायचं, एक रद्द करायचं. "यातलं कुठलं दाबू?" त्यांनी शांतपणे विचारलं. त्या तीन चिन्हांच्या रंगरूपावर मी दोन दिवस घालवले होते. नाव द्यायला प्रत्येकी एक ओळ पुरली असती. ते अजून खुपतं.

म्हणून सांगतो, बटण लिहिशील त्याच क्षणी त्याचं नाव लिही. 'पैसे भरा' एवढंच. पुढे 'बटण' नको, ते टॉकबॅक स्वतः म्हणतो. आणि हे नाव कोडमध्ये इंग्रजीत ठोकून बसवू नकोस, स्ट्रिंग्जच्या फाइलमध्ये ठेव. नाहीतर मराठीत ॲप वापरणाऱ्या बाईला सगळा स्क्रीन मराठीत आणि नेमकं ते बटण इंग्रजीत ऐकू येईल. शोभेच्या चित्राला मात्र नाव देऊच नकोस. उगाच वाचत बसायला लावणं हाही त्रासच.

बटणाला किमान 48 डीपी जागा आणि अक्षरांना 4.5:1 कॉन्ट्रास्ट, हे ॲक्सेसिबिलिटी स्कॅनर नावाचं तपासणीचं ॲप तुला दाखवेल. पण 'इमेज 1' असं नाव दिलंस, तर त्याचा अर्थ लागतो का हे त्याला कळणार नाही. ते माणसालाच कळतं.

आणि हा नुसता सौजन्याचा नाही, हक्काचा प्रश्न आहे. 30 एप्रिल 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जरूर वाच. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींना केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावता येत नव्हते. अंध माणसांनाही ती प्रक्रिया एकट्याने पुरी करता येत नव्हती. डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. 'डोळे मिचकावा' ही अट कुणीतरी तुझ्या-माझ्यासारख्यानेच लिहिली असणार, वाईट हेतू न ठेवता. समोर असा चेहरा असू शकतो, हे फक्त त्याच्या मनात आलं नाही.

तू सध्या ओटीपीचा स्क्रीन करतो आहेस ना? टॉकबॅक लाव, स्क्रीन काळा कर आणि कान देऊन तो पार कर. उलटी मोजणी संपायच्या आत सगळे आकडे भरून होतात का, आकडा चुकला तर फोन बोलून सांगतो की नुसती चौकट लाल होते, ते बघ. कुठे अडलास ते रविवारी जेवायला येशील तेव्हा सांग.

तुझा,
मामा