दालचिनी आणि आकडी : पालकांना काय सांगायचे?

मसाल्यांचा पाठ शिकवताना दालचिनी ही झाडाची साल आहे, हे ऐकून मुलांना भारी गंमत वाटते. मग हमखास प्रश्न येतो, "बाई, ही कशावर औषध?" पचन, सर्दी-पडसे इथपर्यंत घरोघरी उत्तरे ठरलेली आहेत. पण मध-दालचिनीने फिट येणे कायमचे थांबते असेही काही जण सांगतात, आणि घाबरलेले पालक ते मनावर घेतात.

आपण फिट, आकडी, फेपरे म्हणतो तो आजार म्हणजे अपस्मार. मेंदूतल्या पेशींचे विद्युत संदेश अचानक अनियंत्रित सुटले की झटका येतो. रोजच्या गोळ्या ही खळबळ आवरून धरतात. योग्य औषध नियमित घेतले तर 70 टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांशिवाय जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दालचिनीने माणसाची आकडी थांबते असा पुरावा मात्र नाही.

"मसालाच तर आहे, घेतला तर बिघडलं काय?" असे पालक विचारतात. भाजीत, चहात चिमूटभर घातली तर काही नाही. पण बाजारात स्वस्त मिळणारी जाड, कडक साल बहुधा कॅसिया असते. खरी सिलोन दालचिनी पातळ, अनेक पदरांची, चुरूटासारखी गुंडाळलेली असते. कॅसियात कूमारिन नावाचे द्रव्य बरेच असते, 1 ग्रॅम पुडीत साधारण 3 मिलिग्रॅम. युरोपातल्या मर्यादेप्रमाणे रोज किलोमागे 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे 20 किलोच्या मुलाला फक्त 2 मिलिग्रॅम चालते. रोज चमचाभर पूड चाटवली तर हिशोब तुम्हीच करा! जास्त कूमारिन यकृताला त्रास देऊ शकते, आणि फिटसाठी दिले जाणारे व्हॅल्प्रोएटही काहींच्या यकृतावर परिणाम करते. म्हणून घरगुती काहीही चालू करण्याआधी डॉक्टरांना विचारायचेच.

खरा धोका वेगळाच. "आता दालचिनी चालू आहे" म्हणून गोळी बंद होते. गोळी अचानक थांबवली की झटके परततात, कधी एकामागून एक येतात आणि जिवावर बेततात. मूल दोन-तीन महिने बरे दिसले, तरी गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील.

वर्गात झटका आलाच तर मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, वेळ बघा. कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका. 5 मिनिटांत थांबले नाही, तर 108 ला फोन करा.