पहिली गोष्ट बंबात घालू नकोस

चि. भाचीबाईस,


पत्र पोचलं. ताईचं प्लॅस्टर अजून महिनाभर निघत नाही, म्हणजे तुझं पुण्याला परतणंही लांबलं. ‘गावात काही घडतच नाही, लिहू कशावर?’ असं विचारतेस, आणि पहिली कथा बालिश वाटते म्हणून बंबात घालणार म्हणतेस. त्याआधी एका बाईची हकिकत वाच.

फ्लॅनरी ओ’कॉनर ही अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातली, जन्म १९२५चा. आयोवाला लेखनाचं शिक्षण घ्यायला गेली, तेव्हा तिचे दक्षिणेकडचे हेल तिथल्या प्रमुखांना, पॉल एंगल यांना, कळेचनात. शेवटी म्हणणं कागदावर लिहून द्यावं लागलं. पण पुढे तिच्या पात्रांनी तोंड उघडलं की तेच हेल ऐकू येत. तू मात्र संवादांतून आपली बोली वेचून काढतेस, तांदळातले खडे काढावेत तशी!

पंचविसाव्या वर्षी, १९५०च्या नाताळात, घरी निघालेली ती आगगाडीतच आजारी पडली. निदान झालं ल्युपसचं. तिचे वडील याच आजारानं गेले होते, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. मग मिलेजव्हिल गावाबाहेर आईच्या दुभत्या जनावरांच्या फार्मवर, ‘अँडालूशिया’त, तिनं मुक्काम हलवला तो कायमचाच. पुढे कुबड्या आल्या. अंगात ताकद थोडी, म्हणून ती सकाळचे दोन-तीन तासच लिहायची. पण ते तास कुणाला द्यायची नाही. टेबल खिडकीकडे नव्हतं, कपाटाच्या पाठीकडे तोंड करून होतं. काही सुचलं नाही तरी ती वेळेवर तिथं बसून राही.

आणि लिहिलं कशावर? शेतावरच्या गड्यांवर, त्यांच्या तोंडाळ बायकांवर, कुंपण तोडून आत घुसलेल्या दुसऱ्याच्या बैलावर. एका कथेत बायबल विकणारा एक पोरगा दारी येतो आणि शिकलेल्या, गर्विष्ठ मुलीचा लाकडी पाय घेऊन पळून जातो. काही घडत नाही म्हणतेस त्या गावाकडे जरा पुन्हा बघ. ताईला भेटायला येणाऱ्या बायका उंबऱ्यापर्यंत एक बोलतात आणि उंबरा ओलांडल्यावर दुसरंच, ते तू ऐकतेस ना?

तिचं सगळंच उचलू नकोस. खाजगी पत्रांत तिनं काळ्या लोकांबद्दल लाज वाटावी असं लिहिलंय. गंमत अशी की ‘रेव्हलेशन’ या कथेत हाच गोऱ्यांचा तोरा तिनं नेमका पकडला. डॉक्टरकडे बसल्या बसल्या मनात माणसांच्या पायऱ्या लावणाऱ्या बाईच्या तोंडावर तिथली एक मुलगी पुस्तक फेकून मारते.

आता मुद्द्याचं. तिची छापून आलेली पहिली कथा ‘द जिरेनियम’, १९४६ची. लेकीनं न्यूयॉर्कला आणलेला एक म्हातारा समोरच्या खिडकीतली जिरेनियमची कुंडी बघत गावासाठी झुरतो. ही कथा तिनं टाकून दिली नाही. मधल्या काळात पुन्हा लिहिली. १९६४ साली, मरणाच्या दारात, पुन्हा हातात घेतली आणि ती ‘जजमेंट डे’ झाली. म्हातारा तसाच, न्यूयॉर्कही तेच. पण आता तो नुसता झुरत नाही, गावी जायला निघतो, आणि वाटेत मेलोच तर प्रेत गावी धाडा अशी चिठ्ठी खिशाला टाचून ठेवतो. विशीतल्या मुलीला घराची ओढ माहीत होती. मरण दिसायला लागल्यावर त्या ओढीचं काय होतं, हे कळायला अठरा वर्षं जावी लागली. ऑगस्टमध्ये ती गेली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. १९७२ साली तिच्या समग्र कथांना नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. त्यातल्या ३१ कथांत ‘द जिरेनियम’ पहिली आणि ‘जजमेंट डे’ शेवटची आहे.

तुझी कथा बालिश असेल, मी नाही म्हणत नाही. पण ती तुला सुचली याला काही कारण असणार, आणि ते अजून तुलाही कळलेलं नाही. ट्रंकेत ठेव. रोज सकाळी ताईचा चहा झाला की दोन तास भिंतीकडे तोंड करून बस. फोन स्वयंपाकघरात राहू दे.

बंबासाठी माझ्याकडे जुन्या वर्तमानपत्रांचे दोन गठ्ठे पडलेत. येताना घेऊन येतो.

तुझा,
मामा