विमान जागेवर कसे उभे करतात?

पडघ्याच्या आसपास नाशिक रस्त्याला किती गोदामे झाली, ते आपण रोज पाहतो. गोदामाच्या ओट्याला ट्रक कसा लावतात, तेही पाहतो. ड्रायव्हर पुढे बसलेला असतो. मागे क्लीनर उभा असतो. तो पत्र्यावर थाप मारतो आणि ओरडतो, "येऊ दे, येऊ दे... बास!" ड्रायव्हरला मागचे दिसत नाही. क्लीनरचा शब्द हेच त्याचे डोळे. तो शब्द चुकला तर ओटा फुटतो. मध्ये माणूस सापडला तर काय होते, ते सांगायला नको.

विमानाचेही असेच आहे. गाडी तेवढी फार मोठी.

अरबस्तानात नोकरीला निघालेल्या माणसाला पोचवायला आपल्यातले कितीतरी जण मुंबईला सहारच्या विमानतळावर जातात. तिथली नवी इमारत २०१४ साली सुरू झाली. इमारतीतून विमानाच्या दारापर्यंत एक बंद वाट जाते. तिला एरोब्रिज म्हणतात. ही वाट चाकांवर थोडी पुढेमागे सरकते, पण थोडीच. म्हणून विमानाने ठरलेल्या जागीच थांबले पाहिजे. शेजारी दुसरे विमान उभे असते. दोघांच्या पंखांत जागा ठेवावी लागते. मोठ्या विमानांसाठी ती साधारण साडेसात मीटर, म्हणजे सुमारे २५ फूट असते. बोईंग ७७७ जातीच्या लांब विमानाची लांबी सुमारे ७४ मीटर आणि पंखांचा पसारा सुमारे ६५ मीटर. एवढ्या पसाऱ्याला २५ फूट म्हणजे काहीच नाही!

आता गंमत पाहा. हे विमान चालवणाऱ्या पायलटला बसल्या जागेवरून पंखांची टोके दिसत नाहीत. चाकेही दिसत नाहीत. पुढचे चाक त्याच्या खाली आणि मागच्या बाजूला असते. मग तो नेम धरतो कशावर?

जमिनीवर पिवळी रेघ आखलेली असते. पुढचे चाक त्या रेघेवर ठेवायचे. पायलट डाव्या खुर्चीवर बसतो, विमानाच्या बरोबर मध्ये नाही. म्हणून रेघ आपल्या उजव्या अंगाने चालली आहे, असे त्याला दिसले पाहिजे. वळणावर आणखी पंचाईत. लांब ट्रक वळताना मागचे चाक आत कापते आणि गटारात जाते, हे ड्रायव्हर मंडळींना ठाऊक आहे. विमानही तसेच आत कापते. म्हणून पायलट स्वतः वळणाच्या रेघेपुढे जातो आणि मग वळवतो. नवख्याला वाटेल, हा चुकला! पण तेव्हाच चाक रेघेवर येते.

रेघेने दिशा कळते. थांबायचे कुठे, ते समोरचा माणूस सांगतो. त्याच्या दोन्ही हातांत रंगीत दांड्या असतात. रात्री त्यांत दिवे लागतात. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून सगळे खुणांनी चालते. दांड्या वरखाली हलल्या की पुढे ये. हात हळूहळू डोक्यावर नेऊन दांड्यांची फुली केली की थांब.

मोठ्या विमानतळांवर आता भिंतीवर एक यंत्र असते. ते लेसरच्या किरणाने अंतर मोजते. पाटीवर विमानाची जात दिसते. डावीकडे घ्या की उजवीकडे, त्याचा बाण दिसतो. किती मीटर उरले, तो आकडा उतरत जातो. शेवटी थांबण्याची सूचना येते. पाटीवर दुसऱ्याच विमानाची जात दिसली, तर पायलटने पुढे जायचे नाही. प्रत्येक जातीची थांबण्याची जागा वेगळी असते ना! आणि पुढे गेले तर ट्रकसारखे पटकन मागे घेता येत नाही. विमानाच्या चाकांना रिव्हर्स नसतो. इंजिनाचा झोत उलटा फिरवता येतो, पण इमारतीजवळ तो धोक्याचा. मग ट्रॅक्टर आणून मागे ढकलावे लागते.

विमान थांबले तरी कोणी धावत जवळ जात नाही. इंजिने बंद व्हावी लागतात, अंगावरचा लुकलुकणारा तांबडा दिवा विझावा लागतो. मग चाकांना ठोकळे लावतात, बैलगाडीला आपण दगड लावतो तसे. हा नियम कोणी उगाच केलेला नाही. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर एक विमान निघत होते. जमिनीवरची माणसे बाजूला होण्याआधीच ते पुढे सरले. चालू इंजिनाने एका तंत्रज्ञाला आत ओढले. तो जागीच गेला.

आपण विमानात बसलो, तर उतरल्यावर लगेच उठून डोक्यावरची पेटी काढायची घाई करतो. तेव्हा विमान माणसाच्या चालीने त्या रेघेवर सरकत असते. समोर अचानक फुली दिसली, तर पायलट कचकन ब्रेक दाबतो. उभा माणूस पडतो आणि पेटी दुसऱ्याच्या डोक्यावर येते. पट्ट्याच्या खुणेचा दिवा विझला की मगच उठावे. एरोब्रिज दाराला लागायला तसाही थोडा वेळ लागतोच.