वळणदार अक्षरांचा धडा

ताईच्या लग्नपत्रिकेवर नावे इंग्रजीतही हवीत, असा वडिलांचा आग्रह होता. घरात इंग्रजी शिकलेला मी पहिलाच, म्हणून निवड माझ्याकडे आली. मी सर्वांत वळणदार टंक निवडला आणि नावे सबंध कॅपिटल अक्षरांत छापवून घेतली. पत्रिका देखणी दिसली. पण ताईचे नाव कोणालाच वाचता येईना.

चूक शोधताना या अक्षरांचे मूळ कळले. ते इंग्लंडमधील ‘राउंडहँड’ वळणात आहे. आपल्या बोरूची रेघ कापलेल्या टोकाच्या कोनाने जाड-बारीक होते. तेथील टोकदार टाकाची दाबाने. खाली येताना रेघ जाड, वर जाताना केसासारखी बारीक. चार्ल्स स्नेल (१६६७–१७३३) या लेखनशिक्षकाच्या वळणावरून मॅथ्यू कार्टर यांनी १९६६ मध्ये ‘स्नेल राउंडहँड’ हा टंक घडविला. शिशाच्या चौकोनी खिळ्यावर तिरपी, जोडलेली अक्षरे बसविणे अवघड. खिळ्याबाहेर आलेली टोके मोडत. फोटोटाइपसेटिंगने ती अडचण दूर केली.

या टंकात लहान अक्षरे हातात हात घालून चालतात. कॅपिटल अक्षर शब्दारंभी एकटे मिरवण्यासाठी असते. अशी सगळी एका रांगेत बसवली, की वेलबुट्टीत वेलबुट्टी अडकते. म्हणून पहिलेच अक्षर कॅपिटल घ्यावे, आकार मोठा ठेवावा. तारीख व पत्ता साध्या टंकात द्यावा.

वडिलांनी ती पत्रिका ट्रंकेत जपून ठेवली आहे. पोराने केली म्हणून ती त्यांना सुंदर वाटते. धाकटीच्या पत्रिकेवरचे नाव मात्र सर्वांना वाचता येईल.